दुकानाचे दार इंटरनेटवर आणताना

महोदय,

पर्यटन हंगाम ओसरला की कळंगुट-कांदोळीपासून पाळोळ्यापर्यंतच्या दुकानांतले, सुपरमार्केटांतले आणि मद्यविक्री दालनांतले हंगामी कामगार गावी परततात. काहींची दार उघडायची कार्डे परत येतात, काहींची हरवल्याचे सांगितले जाते. गोदामाच्या आणि मागच्या दाराच्या यंत्रात मात्र सगळ्यांची नावे चालूच राहतात, कारण ती काढायला लॅपटॉप आणि केबल घेऊन प्रत्येक दुकानात माणूस जावा लागतो. म्हापसा, पणजी, मडगाव आणि काणकोण अशा चार ठिकाणी दुकाने असलेला मालक एका कार्डासाठी हा फेरा घालत नाही. पुढच्या ऑक्टोबरात यादीत नव्या कार्डांची भर तेवढी पडते. म्हणून दारावरचे यंत्र घरबसल्या ब्राउझरमधून सांभाळता यावे, ही दुकानदारांची मागणी रास्तच आहे. ती ज्या रीतीने पुरवली जाते, ती मात्र धोक्याची आहे. दुकानदारांना हे वेळीच कळावे म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

रूढ रीत अशी आहे. कार्ड किंवा बोट वाचणाऱ्या यंत्राला इथरनेटचे सॉकेट असते. बसवणारा राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो, म्हणजे राउटरच्या पत्त्यावर बाहेरून आलेली हाक थेट यंत्रापर्यंत पोचवतो. पुष्कळ जोडण्यांत हे चालत नाही, कारण इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते. (राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर तुमची जोडणी अशी वाटणीतली समजावी.) मग जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घेतला जातो आणि यंत्राचे ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे वेबपानाचा दरवाजा, साऱ्या जगाला उघडे होते. पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच. यंत्रातले वेबपान साध्या, कूटलेखन नसलेल्या एचटीटीपीवर चालते, त्यामुळे तो पासवर्ड वाटेत वाचता येतो. हजेरीच्या बऱ्याच यंत्रांचे ४३७० हे पोर्टही उघडे राहते आणि त्याची ‘कम्युनिकेशन की’ (जोडणीचा पासवर्ड) शून्यावर, म्हणजे नसल्यातच जमा.

असे यंत्र शोधायला कुणाला गोव्यात यावे लागत नाही. इंटरनेटवरच्या उघड्या पोर्टांची यादी ठेवणारे ‘शोडान’ हे शोधयंत्र २००९ पासून सर्वांना खुले आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून येणारी साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या आजमावत लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने ‘डाइन’ या कंपनीच्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या) सेवेवर मारा केला आणि कित्येक बडी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. तिथे निदान कॅमेरेच होते. आपल्याकडे त्याच दर्जाच्या यंत्राच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) गोदामाचे कुलूप जोडलेले असते.

तेव्हा पहिला नियम असा की बाहेरून आत येणारी एकही वाट ठेवायची नाही. दुकानातल्या यंत्राने स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करावी, ती चालू ठेवावी आणि मालकाचे हुकूम त्याच जोडणीवरून आत यावेत. असे केले की स्टॅटिक आयपी लागत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, वाटणीतला पत्ताही चालतो आणि मोबाइलचे डोंगलसुद्धा चालते. राउटरमधले यूपीएनपी बंद करावे, नाहीतर एखादे यंत्र आपणहून पोर्ट उघडून घेते. आयपीव्ही६ (इंटरनेट-पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर राउटरची आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे ना, हे स्वतंत्रपणे तपासावे. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग न करताच यंत्र उघडे पडते. बहुतेक जण हे पाहतच नाहीत.

जुने पॅनल, म्हणजे दारांचा कंट्रोलर, फेकून द्यावे लागते असे नाही. दोन किंवा चार दारांच्या पुष्कळ पॅनलना आरएस-४८५ची (तारांच्या जोडीवरून संदेश नेणारी) जोडणी असते आणि आजवर ती विंडोजच्या संगणकाशी जोडलेली असते. त्या संगणकाच्या जागी एक छोटा लिनक्स बोर्ड, रास्पबेरी पाय किंवा तसा औद्योगिक दर्जाचा, गेटवे म्हणून बसवावा. तो एका बाजूने पॅनलशी त्याच्या भाषेत बोलतो आणि दुसऱ्या बाजूने सर्व्हरशी. यासाठी पॅनलच्या प्रोटोकॉलचे (संदेशांच्या भाषेचे) कागद उत्पादकाकडून मिळायला हवेत. ते मिळत नसतील तर कंट्रोलरच बदलणे परवडते, कारण अंदाजाने उलगडलेला प्रोटोकॉल फर्मवेअर (यंत्रातले सॉफ्टवेअर) बदलताच तुटतो. आरएस-४८५सारख्या सिरियल जोडणीचे इथरनेट करणारा स्वस्त कन्व्हर्टर लावून त्याचेच पोर्ट बाहेर उघडणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. त्या डबीत बहुधा ओळख विचारण्याची सोयच नसते. आलेले सगळे ती जसेच्या तसे पॅनलला देते.

वायरिंगमध्ये काय चुकते तेही सांगायला हवे, कारण ‘क्लाउड चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा वायरीतच असते. आरएस-४८५ एका पॅनलवरून दुसऱ्यावर अशी माळेत ओढायची, एका जागेवरून चार फाटे काढायचे नाहीत. माळेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांना, १२० ओहमचा रेझिस्टर. पीळ दिलेली जोडी ए आणि बीला, शिवाय ग्राउंडची तिसरी तार. ही तिसरी तार वाचवली जाते आणि तिथेच घात होतो. दोन गाळ्यांचा वीजपुरवठा वेगळ्या फेजवर आणि अर्थिंग वेगळे असले की दोन पॅनलच्या ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. आरएस-४८५ची चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच तग धरते. त्यापुढे संदेश अधूनमधून बिघडतात आणि एक दिवस चिप जळते. आयसोलेटेड ट्रान्सीव्हर (दोन्ही बाजूंचे ग्राउंड विजेने वेगळे ठेवणारी चिप) वापरला तर हा प्रश्न उरत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या दुपारच्या गडगडाटात दोन इमारतींमधली तांब्याची तार हमखास सर्ज (व्होल्टेजची उसळी) आत आणते. तिथे फायबर ओढावी.

आता हुकुमांविषयी. या कामाला सहसा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल टीएलएसच्या, म्हणजे कूटलेखनाच्या, आवरणात, ८८८३ पोर्टवरून वापरतात. तो हलका आहे, तुटलेली जोडणी पुन्हा जोडतो आणि यंत्र गायब झाले की सर्व्हरला आपोआप कळवतो. त्यातली एक सोय मात्र दारासाठी घातक ठरते. यंत्र जोडलेले नसताना पाठवलेला संदेश सर्व्हर राखून ठेवू शकतो आणि जोडणी आली की देतो. समजा, रात्री नऊ वाजता मालकाने ‘दार उघड’ दाबले, तेव्हा नेट गेलेले होते, तो कंटाळून फोन करून मोकळा झाला. पहाटे तीन वाजता नेट आले आणि रिकाम्या दुकानाचे दार उघडले. म्हणून दार उघडण्याच्या हुकुमाला मुदत हवी, पाच ते दहा सेकंदांची. २०१९ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या एमक्यूटीटीच्या ५.० आवृत्तीत संदेशाला मुदत लावता येते. तरीही कंट्रोलरने हुकुमावरची वेळ स्वतः तपासावी आणि तोच हुकूम दोनदा आला तर दुसरा टाकून द्यावा. असा हुकूम ‘रिटेन’ (सर्व्हरवर राखून ठेवण्याची खूण) करून तर कधीच पाठवू नये.

पडद्यावर ‘दार उघडले’ असे दाखवण्याआधी ते खरेच उघडले का, हे कळायला हवे. हुकूम सर्व्हरवरून निघाला, कंट्रोलरने रिले ओढला आणि चौकटीवरच्या मॅग्नेटिक सेन्सरने दार हलल्याचे सांगितले, या तीन वेगळ्या घटना आहेत आणि वेबपानावर त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सेन्सर न बसवता दूरस्थ नियंत्रण विकणे म्हणजे मालकाला अंदाजावर ठेवणे होय.

कार्डांच्या यादीचा निर्णय दारापाशीच राहिला पाहिजे. प्रत्येक कार्डागणिक सर्व्हरला विचारणारी रचना नेट गेले की ठप्प होते, आणि पावसाळ्यात नेट जातेच. म्हणून पूर्ण यादी कंट्रोलरमध्ये ठेवावी. सर्व्हरवर यादी बदलली की तिचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढावा, कंट्रोलरने दर खेपेला आपल्याकडचा क्रमांक कळवावा, आणि दोन्ही जुळत नसतील तर वेबपानावर त्या दुकानासमोर लाल खूण यावी. मालकाला हवे असते ते एवढेच: मी रद्द केलेले कार्ड काणकोणच्या दारावरही रद्द झाले का? नवी यादी फ्लॅशच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीच्या) दुसऱ्या कप्प्यात लिहावी, चेकसम (मजकूर बिघडला का हे दाखवणारा आकडा) तपासावा आणि मगच तिकडे वळावे. जुन्या यादीवरच लिहीत गेले आणि मध्येच वीज गेली, तर अर्धी यादी उरते आणि सकाळी निम्म्या कामगारांना दार उघडत नाही.

हंगामी कामगारांसाठी सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे कार्ड देतानाच त्याची शेवटची तारीख कंट्रोलरमध्ये भरणे. ३१ मे म्हणजे ३१ मे. त्या दिवशी नेट असो वा नसो, मालकाच्या लक्षात असो वा नसो, कार्ड आपोआप बंद. पुष्कळ जुन्या पॅनलमध्येही ही सोय आहे. ती वापरली तर दूरस्थ व्यवस्थेची निम्मी निकड आजच भागते, एक रुपयाही खर्च न करता.

मात्र तारखेवर भिस्त ठेवायची तर घड्याळ बरोबर हवे. कंट्रोलरमध्ये डीएस३२३१सारखी आरटीसी (घड्याळाची) चिप आणि सीआर२०३२चा सेल असावा. नेट असताना वेळ एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरवरून, जुळवावी. सेल संपलेले यंत्र वीज गेल्यावर १९७० किंवा २००० सालात जागे होते. मग टीएलएस त्या तारखेला सर्व्हरचे प्रमाणपत्र (डिजिटल ओळखपत्र) अवैध ठरवते, जोडणी होत नाही आणि दूरस्थ व्यवस्था आहे तरीही माणूसच पाठवावा लागतो. यावर उपाय म्हणजे चालू होताच आधी वेळ मिळवायची, नंतर सुरक्षित जोडणी करायची, आणि शेवटची ठाऊक असलेली वेळ फ्लॅशमध्ये नोंदवून त्यापेक्षा मागची वेळ कधीच स्वीकारायची नाही.

प्रमाणपत्रांचेही वय असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ हे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात) संपले, आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या सर्व्हरशी बोलणारी जगभरची कितीतरी जुनी यंत्रे एका दिवसात मुकी झाली, कारण त्यांच्यात नवे मूळ प्रमाणपत्र घालायची वाटच ठेवलेली नव्हती. यंत्रात दोन वेगळी मूळ प्रमाणपत्रे हवीत आणि ती दुरून बदलता यायला हवीत. प्रत्येक यंत्राची खासगी किल्ली (ओळख सिद्ध करणारा गुप्त संकेत) वेगळी हवी. शंभर यंत्रांत एकच किल्ली भरलेली असेल, तर भंगारात गेलेले एक यंत्र उघडून उरलेल्या नव्व्याण्णवांचे सोंग घेता येते.

फर्मवेअर दुरून बदलणे हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. फ्लॅशमध्ये दोन कप्पे, सही तपासल्याशिवाय नवे फर्मवेअर न घेणे, आणि नव्यावर चालू झाल्यानंतर दहा मिनिटांत सर्व्हर गाठता आला नाही तर आपोआप जुन्यावर परतणे, या तीन गोष्टी नसतील तर दुरून अपडेट करूच नये. आधी एका दुकानात, दोन दिवस पाहून बाकीच्यांत. चतुर्थीच्या किंवा डिसेंबरच्या आठवड्यात तर अजिबात नाही.

अपडेटनंतर बोर्ड रीसेट होतो, आणि रिलेची पिन त्या क्षणी कशी वागते हे फार थोडे जण तपासतात. मायक्रोकंट्रोलर (बोर्डाची मुख्य चिप) जागा होईपर्यंत पिन अधांतरी असते. रिले क्षणभर ओढला जातो आणि मॅग्नेटिक लॉक सुटते. पहाटे ठेवलेल्या अपडेटने गोदामाचे दार सेकंदभर मोकळे होते आणि लॉगमध्ये त्याची नोंदही नसते. रिलेच्या ट्रान्झिस्टरला १० किलोओहमचा पुलडाउन (पिनला शून्य व्होल्टवर धरून ठेवणारा) रेझिस्टर लावावा. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर जीपीआयओ ०, २, ५, १२ आणि १५ या पिन रिलेला देऊ नयेत. चालू होताना चिप त्यांच्यावरूनच आपली मांडणी ठरवते.

असाच एक साधा भाग विसरला जातो तो डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा). १२ व्होल्टच्या मॅग्नेटिक लॉकच्या कॉइलला उलट दिशेने १एन४००७ डायोड नसला तर लॉक सुटताना उसळणारे व्होल्टेज पॅनलला आणि गेटवेला झटका देते. ‘दार उघडले की नेट जाते’ ही तक्रार जवळपास नेहमी याचीच असते. रिलेचे संपर्कबिंदूही जळतात आणि काही महिन्यांनी चिकटून बसतात.

वीज खात्याने काम काढले की काय होते, याचा हिशेब आधी मांडावा. एका दाराचे २७० किलो ओढीचे लॉक सुमारे अर्धा अँपिअर घेते, पॅनल आणि रीडर मिळून ०.३, गेटवे ०.४, एकूण १.२ अँपिअर. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेसहा तास पुरते, प्रत्यक्षात चार-साडेचार. बॅटरी दोन वर्षे जुनी असेल तर त्याहून कमी. आणि पॅनलला बॅटरी असूनही फायबरचा ओएनटी (फायबर जिथे येते ती इंटरनेट कंपनीची डबी) आणि राउटर साध्या प्लगवर असतो, त्यामुळे वीज जाताच दार चालते पण मालकाला दिसत नाही. नेमके अशाच वेळी त्याला दुकान पाहायचे असते. ओएनटी आणि राउटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस द्यावा. पॅनलच्या बॅटरीवर टांगल्यास दाराचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. गेटवेच्या मेमरी कार्डाचीही काळजी हवी. वीज अचानक जाऊन कार्डावरची फाइल-व्यवस्था बिघडणे हे रास्पबेरी पायचे नेहमीचे दुखणे. मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवावी आणि नोंदी वेगळ्या भागात लिहाव्यात.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेबद्दल लिहावे तितके थोडे. आरजे४५च्या (नेटच्या वायरीच्या प्लगच्या) पिना हिरव्या पडतात, आणि ओल्या पिनांवरून पीओईचे (नेटच्या वायरीतूनच यंत्राला वीज देण्याच्या सोयीचे) ४८ व्होल्ट वाहत असतील तर तांबे फार लवकर झिजते. किनाऱ्याजवळच्या दुकानात बाहेरच्या बाजूला पीओई टाळलेले बरे. डबा आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षित) असला तरी केबल खालूनच आत घ्यावी, आत घेण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथून गळून पडते, आणि बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा लेप) करावे. लॉकच्या लोखंडी पट्टीवर गंज चढला की ओढ झपाट्याने कमी होते. सॉफ्टवेअर ‘बंद’ दाखवते, दार मात्र जोराच्या धक्क्याने उघडते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसणे एवढाच त्याला उपाय.

काही गोष्टी वेबवर आणूच नयेत. आतून बाहेर पडण्याचा मार्ग सॉफ्टवेअरच्या हाती देणे हा गुन्ह्याइतका गंभीर निष्काळजीपणा आहे. आगीच्या वेळचा काच फोडायचा स्विच लॉकच्या वीजपुरवठ्यातच मालिकेत जोडावा, म्हणजे पॅनल, गेटवे, सर्व्हर सगळे बिघडले तरी तो दाबताच लॉकची वीज तुटेल. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६च्या चौथ्या भागात आगीपासून सुरक्षिततेचे आणि सुटकेच्या मार्गांचे नियम आहेत. कोणतेही ॲप त्यांच्यापेक्षा मोठे नाही. वेबपानावर ‘एक्झिट स्विच बंद करा’ असे बटण दिसले तर ती व्यवस्था नाकारावी. रात्री गोदामात काम करणारा कामगार त्या दारामागे असू शकतो.

बोटांचे ठसे यंत्रातच राहावेत, सर्व्हरवर जाऊ नयेत. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवणे आले आहे. नोंदींना जागा फार लागत नाही: दिवसाला ५०० घटना, प्रत्येकी ३२ बाइट, १८० दिवस, ९० हजार नोंदी, २.९ मेगाबाइटच्या आत. ४ मेगाबाइटची वेगळी फ्लॅश चिप पुरते. वेगळी म्हणण्याचे कारण हे की फर्मवेअरचे दोन कप्पे ज्या चिपवर आहेत तिथेच नोंदी कोंबल्या तर काही दिवसांतच जुन्या नोंदी पुसल्या जायला लागतात.

आणि हे सगळे करण्याआधी यंत्र कुठे लावले आहे ते पाहावे. बऱ्याच दुकानांत कार्ड वाचणारे यंत्र आणि रिले एकाच डबीत, आणि ती डबी बाहेरच्या भिंतीवर असते. चार स्क्रू काढून दोन तारा एकमेकींना लावल्या की दार उघडते. त्यावर कितीही चांगले वेबपान बसवले तरी उपयोग नाही. रिले आत हवा, बाहेर फक्त रीडर. कार्डांचेही तसेच. १२५ किलोहर्ट्‌झची साधी कार्डे फक्त एक क्रमांक उच्चारतात आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या यंत्रावर त्यांची नक्कल क्षणात होते. मायफेअर क्लासिक या कार्डांचे कूटलेखन २००८ मध्येच फुटले. नवी खरेदी असेल तर डेसफायर ही अधिक सुरक्षित कार्डे, आणि रीडर ते कंट्रोलर जोडणीला वीगँड या जुन्या पद्धतीऐवजी ओएसडीपी हे नवे मानक, तेही सिक्युअर चॅनल (कूटलेखन) चालू करून घ्यावे. वीगँडच्या हिरव्या-पांढऱ्या तारांवरून कार्डाचा क्रमांक उघडाच धावतो.

दुकानातले जाळेही वेगळे करावे. ग्राहकांचे मोफत वायफाय, बिलिंगचा संगणक आणि दाराचा कंट्रोलर एकाच जाळ्यात असलेली उपाहारगृहे आणि दुकाने आपल्याकडे सर्रास आहेत. ग्राहकांसाठी राउटरचे गेस्ट नेटवर्क आणि दारासाठी वेगळे व्हीलॅन (त्याच वायरींवरचे स्वतंत्र जाळे), एवढे केले तरी पुष्कळ साधते. एक-दोन दुकाने असणाऱ्यांनी सर्व्हर-ॲपच्या फंदात न पडता गेटवेवरून भारतातल्या एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा (कूटलेखन केलेली खासगी जोडणी) काढावा. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (वाट जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवावे, नाहीतर जोडणी निवांत असताना वाट मिटते. पॅनलचे वेबपान त्या बोगद्यातूनच उघडावे.

लॉगिनचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. मालकाचे मुख्य खाते विक्रेत्याच्या ईमेलवर काढलेले असते आणि सगळ्या ग्राहकांना एकच पासवर्ड असतो. विक्रेत्याकडून नोकरी सोडलेला एक तंत्रज्ञ मग कितीतरी दुकानांची दारे उघडू शकतो. मुख्य खाते मालकाच्याच नावे आणि मोबाइलवरच्या सहा अंकी कोडसह असावे. व्यवस्थापक, तंत्रज्ञ यांची खाती वेगळी. तंत्रज्ञाला प्रवेश कामापुरता, संध्याकाळी आपोआप संपणारा. कुणी कुठून कोणते दार उघडले याची नोंद मालकाला दिसावी आणि ती कुणालाही, मालकालाही, पुसता येऊ नये.

बिलाचे शेवटचे पैसे देण्याआधी दुकानदाराने या चाचण्या स्वतः उभे राहून कराव्यात. नेटची वायर काढा. कार्ड चालले पाहिजे. वायर काढलेली असतानाच वेबवरून एक कार्ड रद्द करा, मग वायर लावा. मिनिटभरात ते कार्ड नाकारले गेले पाहिजे. वायर काढून ‘दार उघड’ दाबा, पाच मिनिटांनी वायर लावा. दार उघडता कामा नये. पॅनलची वीज आणि बॅटरी दोन्ही काढा. आतला माणूस बाहेर पडू शकला पाहिजे. पॅनल रीसेट करा आणि त्या क्षणी दार ओढून धरा. ते सुटता कामा नये. मोबाइलच्या डेटावरून दुकानाच्या सार्वजनिक पत्त्याचे पोर्ट तपासून घ्या. २३, ८०, ४४३, ४३७० ही सगळी बंद दिसली पाहिजेत. जो विक्रेता या चाचण्यांना वेळ नाही म्हणतो, त्याला उरलेले पैसे देण्याची घाई करू नये.

गोवा चेंबर ऑफ कॉमर्सला आणि तालुक्यांच्या व्यापारी संघटनांना विनंती आहे की त्यांनी या कामासाठी एक पानाचा नमुना करार तयार करून सदस्यांना द्यावा. त्यात यंत्राचे मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती, मुख्य खाते कुणाच्या नावे, सुरक्षेची अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, सर्व्हरचे भाडे कधीपर्यंत भरले आहे, विक्रेत्याने धंदा बंद केल्यास कार्डांची यादी आणि नोंदी कोणत्या फाइलमध्ये आणि किती दिवसांत मिळणार, आणि सर्व्हर बंद पडल्यावर दार आहे त्या यादीवर चालत राहणार का, एवढे लिहिलेले असावे. करार मराठीत असावा, म्हणजे सही करणाऱ्याला तो वाचता येईल. पुढच्या हंगामाची खरेदी पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा तो जूनपूर्वी हाती आला तर उपयोगी पडेल.

आपले,
दुकानांच्या दारांचे कंट्रोलर आणि इलेक्ट्रॉनिक कुलुपे बसवणारे काही तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा